शनिवारी सकाळची शाळा, संध्याकाळची मीटिंग

ताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात, माउलींची पालखी जाते त्या रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. वय ४३. बारा-तेरा वर्षं पितोय, शेवटची पाच वर्षं रोज. शाळेत पिऊन कधी गेलो नाही, पण सकाळी फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा, म्हणून मुलांनाच लिहायला उठवायचो. आमचं घर वारकरी. २०१९ साली वडिलांसमोर माळ घातली, अकरा महिन्यांनी काढून ठेवली. नंतर खंडोबापुढे बेल-भंडारा उचलून झाला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून झाला. दर श्रावणात महिनाभर थेंब घेत नाही, म्हणून स्वतःला व्यसनी म्हणायला मन तयार होत नाही.

गेल्या महिन्यात प्रशिक्षणाच्या पार्टीनंतर गाडीवरून पडलो. खांद्याला लागलं. नववीतली मुलगी दवाखान्यात काही बोलली नाही, नुसती माझी चप्पल हातात धरून उभी होती. तेव्हापासून आज १९ दिवस बंद आहे. पहिले तीन-चार दिवस घाम, थरकाप. एका रात्री भिंतीवर मुंग्या दिसल्या, कोणाला सांगितलं नाही. मिसेसने जाहिरात बघून न सांगता चहात घालायची पावडर मागवली होती, ती मला सापडली. मेव्हण्याने सांगितलं की तालुक्याला दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते. पण तिथे कोणी ओळखलं तर? एखादा पालकच निघाला तर? नाव लिहून घेतात का, नोकरीवर येईल का? मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये असते म्हणे, मग माळकऱ्याच्या पोराने तिथे जावं का? आणि तिथे नेमकं करतात तरी काय?

शेतातल्या मोटारीच्या खोलीत एक चपटी अजून आहे. टाकून द्यायला दोनदा गेलो, दोनदा तशीच ठेवून परत आलो.

— एक शिक्षक

गुरुजी, नमस्कार.

मुंग्यांची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण मी आधी तीच घेते. रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली की पहिल्या एक-दोन दिवसांत आकडी येऊ शकते. त्यानंतरच्या दिवसांत नसलेल्या गोष्टी दिसायला, ऐकू यायला लागतात, ताप चढतो, माणूस भ्रमात जातो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. तुम्ही त्यातून घरच्या घरी, कोणाला न सांगता बाहेर पडलात याचं मला हायसं वाटतं आणि भीतीही वाटते. पुन्हा कधी पिणं सुरू झालं आणि थांबवायची वेळ आली, तर दार लावून एकट्याने थांबवू नका. आधी दवाखाना गाठा. डॉक्टर थोड्या दिवसांच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देतात, गरज पडली तर दाखल करून घेतात, आणि ते दिवस निभावून जातात. आत्ताही एकदा जाऊन याच. मुंग्यांचं सांगा, रोज किती घेत होतात तो आकडा खरा सांगा, यकृताची तपासणी करून घ्या. झोप अजून धड लागत नसेल. ती रुळावर यायला काही आठवडे जातात, आणि 'झोपेपुरती थोडीशी' या वाटेने परत गेलेले लोक तुम्हाला मीटिंगमध्ये किती भेटतील ते बघाच.

त्या पावडरीची पुडी उकिरड्यावर टाका. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून दिलं जाणारं डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते डॉक्टर तपासण्या करून, पिणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीने देतात. ते नकळत पोटात गेलेलं असताना माणूस प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, हृदयावर ताण येतो, जीवावर बेतू शकतं. जाहिरातीतल्या पुड्यांमध्ये काय असतं ते तर त्या विकणाऱ्यालाच ठाऊक. वहिनींवर मात्र रागावू नका. पाच वर्षं रोज रात्री फाटकाच्या आवाजाकडे कान लावून बसलेल्या बाईने जे हाताला लागलं ते केलं.

आता तुमच्या शपथांचं. माळ, बेल-भंडारा, मुलीच्या डोक्यावरचा हात, दर साल श्रावण. दारू तुम्ही किती वेळा सोडलीत ते मोजून बघा. सोडता तुम्हाला येते. पण त्यातल्या प्रत्येक वेळी तुम्ही एकटे होता. समोर देव होता, वडील होते, लेक होती; 'आत्ता जीव कासावीस होतोय' असं रात्री साडेआठ वाजता ज्याला सांगावं असं कोणी नव्हतं. शपथ घेतलेल्या माणसाला तर ते सांगताच येत नाही. सांगितलं की शपथ कच्ची होती असं ठरतं. मग तो गप्प बसतो, दोन दिवस, चार दिवस, अकरा महिने, आणि एका संध्याकाळी उठून मोटारीच्या खोलीकडे चालायला लागतो. तुमच्या श्रद्धेत काही खोट होती असं मला अजिबात वाटत नाही. वडिलांना हे सांगायची हिंमत झाली तर त्यांनाही हेच सांगा.

आणि श्रावणाचा पुरावा बाजूला ठेवा. गटारीच्या रात्री तुम्ही किती पिता आणि श्रावण संपला की पहिला घोट किती वाजता घेता, एवढंच आठवून बघा. महिनाभर थांबता येणं आणि थांबल्यावर शांत राहता येणं यात फार अंतर आहे. व्यसनी म्हणायचं की नाही हा वाद सध्या बाजूला ठेवला तरी चालेल. मीटिंगला जाण्यासाठी तो मिटवावा लागत नाही. तिथली अट एकच आहे, दारू थांबवण्याची इच्छा. ती तुमच्यापाशी १९ दिवसांची आहे.

मेव्हण्यांनी सांगितली ती बहुधा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची मीटिंग असणार. तिच्या जन्माची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे, कारण तुमच्या अडचणीचं उत्तर तिच्यात आहे. १९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन नावाच्या गावी बिल नावाचा एक माणूस धंद्याच्या कामासाठी गेला होता. काम फसलं. पाचेक महिने त्याने दारूला हात लावला नव्हता. हॉटेलात उभा होता, एका बाजूने बारमधला गलका ऐकू येत होता. आता आपण बारमध्ये जाणार हे त्याला कळलं. तेव्हा त्याने तिथल्या चर्चची यादी बघून फोन फिरवायला सुरुवात केली, आणि त्याला हवा होता दुसरा एखादा दारुडा, ज्याच्याशी बोलता येईल. त्यातून त्याची गाठ बॉब नावाच्या एका सर्जनशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेटायला आला आणि दोघं कित्येक तास बोलत बसले. बॉबने शेवटचा प्याला १० जून १९३५ ला घेतला. तोच दिवस एए आपला स्थापना दिवस मानते. भारतात हे काम १९५७ पासून सुरू आहे.

बिल दुसऱ्याला वाचवायला निघाला नव्हता, त्याला स्वतःची ती संध्याकाळ निभवायची होती. मीटिंगमध्ये जो माणूस तुम्हाला पहिल्यांदा हात देईल, आपला नंबर लिहून देईल, तो तुमच्यावर उपकार करतोय असं समजून ओशाळू नका. नवा माणूस आला की जुन्याला आपला पहिला दिवस आठवतो, आणि त्याचाही आजचा दिवस टिकतो. 'रात्रीबेरात्री लोकांना कशाला त्रास' असं तुमच्यासारख्या भिडस्त माणसाला वाटणारच. तो फोन त्या माणसालाही हवा असतो.

तिथे काय करतात ते मी पाहिलेलं सांगते. माझा थोरला भाऊ तुमच्याच वयाचा असताना मी त्याच्याबरोबर गेले होते, आणि हे लिहायला त्याने मला परवानगी दिली आहे. एका नगरपालिका शाळेचा वर्ग होता, बाकं लहान मुलांची. दादा त्या इमारतीला गाडीवरून दोन चकरा मारून पुढे गेला. तिसऱ्या वेळी मी खाली उतरले आणि म्हटलं, तू नको येऊस, मी जाते. मग तो आला. दारात एका गृहस्थांनी 'पहिल्यांदाच का?' एवढंच विचारलं आणि मागच्या बाकाकडे हात केला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

मीटिंग साधारण दीड तास चालते. एक जण चालवतो, तो दर वेळी बदलतो. सुरुवातीला दोन मिनिटं शांत बसतात, छोटी प्रार्थना होते, बारा पायऱ्या, म्हणजे दारूपासून लांब राहण्याची एएची बारा सूत्रं, वाचतात. मग एकेक जण उठतो, फक्त नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि आपलं बोलतो: पूर्वी कसं होतं, काय घडलं, आता कसं आहे. बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, 'असं कसं केलंस' म्हणत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर 'आज मी फक्त ऐकतो' म्हणा, लोक मान डोलावतात आणि पुढच्याकडे वळतात. कोणाचं दारूशिवायचं एक वर्ष पूर्ण झालं असेल तर त्याचा वाढदिवस साजरा होतो, केक असतो, बायकोमुलं आलेली असतात. शेवटी एक पिशवी किंवा टोपली फिरते. ज्याला वाटेल तो दहा-वीस रुपये टाकतो, त्यात जागेचं भाडं आणि चहा निघतो. नव्या माणसाने काही टाकावं अशी अपेक्षा नसते. फी नाही, वर्गणी नाही, बाहेरच्या कोणाची देणगी एए घेतच नाही.

त्या दिवशी दादा एक शब्द बोलला नाही. एका रिक्षावाल्याने सांगितलं की दारूची बाटली तो घराच्या तांदळाच्या डब्यात लपवायचा, आणि एकदा बायकोने भात लावायला डबा उघडला. दादाने तेव्हा मान वर केली. आमच्याही घरी बाटली तांदळातच सापडली होती. आपण जगातले एकटेच इतके नीच आहोत असं तो कित्येक वर्षं धरून चालला होता, आणि ते त्या बाकावर बसल्या बसल्या सुटलं. वर्गाबाहेर आल्यावर त्याच रिक्षावाल्याने त्याला टपरीवर चहा पाजला आणि एका कागदावर नंबर लिहून दिला. माझं मत विचाराल तर मीटिंगचा निम्मा भाग त्या टपरीवर होतो. म्हणून मीटिंग संपली की लगेच गाडीला किक मारू नका. पंधरा मिनिटं थांबा.

ओळखीच्या भीतीबद्दल. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. गावात मास्तरला मान असतो तोवर असतो, आणि एकदा 'मास्तर पितो' असं झालं की मुलं पाढे म्हणतानाही तोंडाकडे बघतात. पण गुरुजी, गावाला माहीत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? ज्या पोरांना तुम्ही फळ्यावर लिहायला उठवत होता ती घरी जाऊन काय सांगत असतील? हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. पिताना लोकांनी पाहिलं ते आपण कसंबसं सोसतो, आणि सोडताना पाहतील याची लाज वाटते. हे फार जणांचं होतं.

तरीही सोय सांगते. पहिल्या मीटिंगा तुमच्या तालुक्याला करायलाच हव्यात असं नाही. फलटण, बारामती, सातारा, जिथे तुम्हाला कोणी गुरुजी म्हणून हाक मारणार नाही अशा गावाची मीटिंग शोधा. मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. क्लोज मीटिंगमध्ये फक्त दारू थांबवू इच्छिणारेच बसतात. ओपन मीटिंगला घरचे, डॉक्टर, कोणीही येऊ शकतं. तुम्ही सुरुवात क्लोजपासून करा. हजेरीपट नसतो, आडनाव लागत नाही, शाळेला किंवा पंचायत समितीला कळवणारं तिथे कोणी नसतं. ऐकलेलं तिथेच ठेवून जायचं हा तिथला रिवाज, आणि लोक तो पाळतात, कारण प्रत्येकाचं काहीतरी तिथे ठेवलेलं असतं. दवाखान्यातल्या नोंदींचंही तेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे, आणि दारूच्या व्यसनातून आलेला त्रास त्या कायद्यात येतो.

आणि समजा, निघालाच एखादा पालक. समजा तुमच्या वर्गातल्या मुलाचा बापच समोरच्या बाकावर बसलाय. तो तिथे पंख्याखाली वारा खायला आलेला नाही. त्यालाही त्या क्षणी हेच वाटत असेल की मास्तरांनी बघितलं, आता पोराला शाळेत काय तोंड दाखवायचं. तुम्ही फक्त मान हलवा. माझ्या भावाला दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या ऑफिसातला शिपाई तिथे भेटला. आठ वर्षं दारूशिवाय असलेला. ऑफिसात दोघं कधी त्या विषयावर बोलत नाहीत. सोमवारी सकाळी तो दादाच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवतो आणि क्षणभर थांबतो, बस.

चर्चच्या हॉलचं कारण साधं आहे. संध्याकाळी रिकामी आणि स्वस्तात मिळणारी जागा जिथे असेल तिथे मीटिंग भरते: शाळेचा वर्ग, देवळाचं सभागृह, दवाखान्याची खोली, चर्चचा हॉल. एएचा कुठल्या धर्माशी, पंथाशी, पक्षाशी संबंध नाही. पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो हे खरं, त्या ज्या काळात आणि ज्या मुलखात लिहिल्या गेल्या त्याचा तो ठसा आहे. पण 'आम्हाला उमगला तसा ईश्वर' असे तिथले शब्द आहेत. तुम्हाला तो विठ्ठल असेल. शेजारी बसलेला देव न मानणारा असेल, तो त्या खोलीतल्या माणसांनाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानेल. वारकऱ्याच्या मुलाला हे मी सांगायला नको. पंढरपूरला एकट्याने एसटीनेही जाता येतं. तरी दिंडीत चालतात, कारण पाय दुखायला लागले की शेजारचा अभंग उचलतो. माळ परत घालायची घाई करू नका. ती देव्हाऱ्यात राहू दे.

शोधायचं कसं, तर तुमच्यापाशी मेव्हण्यांनी दिलेला धागा आहेच. त्याशिवाय एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर गावागावांतल्या गटांची आणि फोनची माहिती असते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६, आणि मन फार खचलं तर रात्री-अपरात्रीही टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे दाखल होण्याची गरज नसली तरी सल्ला मिळतो. करोनाच्या काळापासून मोबाइलवरच्या मीटिंगाही रुळल्या आहेत. पावसापाण्याच्या दिवसात त्या कामाला येतात, पण सुरुवात समोरासमोर करा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. स्क्रीन बंद करायला एक बोट पुरतं.

एक सावधगिरी. रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारी, कोंडून मारहाण करणारी काही ठिकाणं व्यसनमुक्ती केंद्राची पाटी लावून बसलेली आहेत. घाबरलेले घरचे लोक त्यांना हजारो रुपये मोजतात. जिथे घरच्यांना भेटू देत नाहीत, डॉक्टर कोण ते सांगत नाहीत, तिथे तुम्ही जाऊ नका आणि दुसऱ्या कोणाला पाठवू नका.

मीटिंगने खरंच फरक पडतो का, ही शंका तुमच्या मनात असेल. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून पाहिली. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याकडे माणसाला पद्धतशीर वळवणारे उपचार इतर रूढ उपचारांइतके, आणि बरेचदा त्यांच्याहून जास्त उपयोगी ठरले. आपल्याकडे मात्र तिथवर पोचतं कोण? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कुठली ना कुठली मदत मिळते. बाकीचे ३७ शपथा घेत असतात. डॉक्टरांनी ओढ कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या तर त्याही घ्या. मीटिंगमध्ये एखादा जुना माणूस 'गोळ्याबिळ्या सोडा, मीटिंग बास' म्हणेल. त्याचा अनुभव ऐका, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच थांबवा.

पहिली मीटिंग निराश करू शकते. चारच माणसं असतील. कोणी एक जण वीस मिनिटं तेच तेच बोलेल. कोणी पिऊन आलेला असेल आणि त्यालाही बसू दिलेलं असेल. कोणाची नोकरी गेलेली, कोणाचं घर विकलेलं ऐकून तुमचं मन म्हणेल, आपण काही एवढे वाया गेलेलो नाही, चला निघू. त्या आवाजाला पाच-सहा मीटिंगा होईपर्यंत उत्तर देऊ नका. वेगळ्या गावचा गट, वेगळा वार करून बघा. बोलणाऱ्याचं आणि आपलं काय जुळतं तेवढं ऐका. तांदळाचा डबा जुळला तसं तुमचंही कुठेतरी काही जुळेल. आणि घसरलात, म्हणजे मध्येच कधी प्यायलात, तर पुढच्याच मीटिंगला जा. माझा भाऊ पहिल्या दोन वर्षांत तीनदा घसरला. तिसऱ्या खेपेला तो तोंड दाखवायला तयार नव्हता, तेव्हा तोच रिक्षावाला दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, 'चला, आज तुमच्यासाठी पुढचा बाक धरलाय.' आज दादाला बारावं वर्ष चालू आहे.

वहिनींसाठी वेगळी जागा आहे, अल-अ‍ॅनॉन नावाची. पिणाऱ्यांच्या घरच्यांची. मुक्तांगणमध्ये पत्नींचा सहचरी नावाचा गट आहे. तिथे त्यांना तुम्हाला सुधारायचं कसं हे शिकवत नाहीत. हे तुझ्यामुळे झालेलं नाही आणि तुला एकटीला ते बरंही करता येणार नाही, एवढं त्यांना तिथे इतर बायकांकडून ऐकायला मिळेल. मी स्वतः बहीण म्हणून अल-अ‍ॅनॉनमध्ये बसले आहे आणि पहिल्या दिवशी दीड तास नुसती रडले. त्यांना जायला सांगा, पण 'माझ्यासाठी जा' म्हणून नको. आणि लेकीला मीटिंगबद्दल सांगा. शपथ नको, वचन नको. 'मी शनिवारी एका ठिकाणी जाणार आहे, तिथे दारू सोडलेली माणसं भेटतात' एवढं पुरे. चप्पल हातात धरून उभं राहणाऱ्या मुलीला सगळं कळतं. तिला विश्वास ठेवायला वेळ लागेल. तो तिला घेऊ द्या.

पुढचं प्रशिक्षण, गावची यात्रा, कोणाची हळद, ही तुमची कठीण ठिकाणं. पहिलं वर्षभर प्रशिक्षणाला मुक्कामी राहू नका, संध्याकाळच्या गाडीने परत या. यात्रेला जेवायच्या वेळी जा आणि जेवून निघा. 'डॉक्टरांनी बंद केलंय' हे उत्तर शिक्षकांच्या पार्टीत चालतं, तेच द्या. प्रत्येकाला खरं कारण द्यायला तुम्ही बांधील नाही. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चार वेळा जपा असं मीटिंगमध्ये सांगतात. शाळा सुटल्यावर रिकाम्या पोटी घरी जाताना तुमची वाट कुठून जाते ते तुम्हालाच माहीत. डब्यात चार शेंगदाण्याचे लाडू जास्तीचे ठेवा.

शनिवारी तुमची शाळा सकाळची असते. दुपार मोकळी. या शनिवारी संध्याकाळची मीटिंग कुठे आहे ते आजच विचारून घ्या, आणि फोनवर एवढंच म्हणा: 'मला मीटिंगला यायचंय, पहिल्यांदाच येतोय, बाहेर कोणी भेटेल का?' भेटतात. शेवटची एसटी किती वाजता ते आधी बघा, किंवा मेव्हण्यांना गाडी घेऊन बोलवा. त्यांनी बाहेर थांबावं.

राहिली ती चपटी. तिसऱ्यांदा एकटे जाऊ नका. वहिनींनाही पाठवू नका, आणि मुलीला तर ती खोली दाखवूच नका. शनिवारी चहाच्या टपरीवर जो कोणी तुम्हाला नंबर देईल त्याला सांगा की शेतात मोटारीच्या खोलीत एक बाटली आहे आणि माझ्याच्याने ती टाकवत नाही. त्याला याचं नवल वाटणार नाही. रविवारी सकाळी त्याला गाडीवर मागे बसवून शेतावर न्या.

— तुमची ताई